गावांना नंबर लावणाऱ्यांनो...

गावांची तुलना करताना जो माणूस नुसते दिवे, दुकानं आणि रस्ते मोजतो, त्याला गाव कळलेलं नसतं. मग ते गाव खरं असो की संगणकाच्या पडद्यावरचं. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना माझ्याशी भांडायचं असेल त्यांना पुढे शोधत बसायला नको.

निमित्त झालं ते आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. माझ्या धाकट्या भाच्यानं (वय वर्षं पंचेचाळीस!) 'रेड डेड रिडेम्प्शन टू' या खेळातल्या गावांची क्रमवारी टाकली. पहिला नंबर सेंट डेनिस, दुसरा ब्लॅकवॉटर, तिसरा व्हॅलेंटाइन, आणि अगदी तळाला व्हॅन हॉर्न आणि अ‍ॅनसबर्ग. तरुण मंडळींनी पटापट अंगठे उंचावले. वडीलधाऱ्यांपैकी एकांनी "या वयात गेम कसले खेळता?" असं विचारून विषय मिटवला. माझं भांडण दोघांशीही आहे. वडीलधाऱ्यांशी थोडंसं, भाच्याशी पुष्कळ.

आधी थोडंसं उरकते. मंडळी, हा खेळ मी स्वतः खेळत नाही, बोटं साथ देत नाहीत. पण नातवाशेजारी बसून गेली दोन वर्षं तो पाहते आहे. "आता डावीकडे वळ, मला ती खाण बघायची आहे" असं सांगण्याचं काम माझ्याकडे असतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! खेळात गोळीबार आहे, रक्त आहे, शिव्या आहेत. तो मोठ्यांसाठीच आहे आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये, हे मला मान्य. (माझा नातू वीस वर्षांचा आहे.) पण 'वस्त्यांचे प्रकार' हा धडा मी फळ्यावर चौकोन काढून शिकवत आले, आणि या खेळात तो धडा घोड्यावर बसून पाहता येतो. त्याला 'टाइमपास' म्हणून उडवून लावणाऱ्यांनी आधी तासभर पाहावं, मग बोलावं.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रॉकस्टार कंपनीनं हा खेळ ऑक्टोबर २०१८ मध्ये आणला. त्यावर काम करणाऱ्यांत त्यांच्या बेंगळुरूच्या शाखेतली आपली माणसंही होती. गोष्ट घडते अमेरिकेत, १८९९ साली. म्हणजे आपल्याकडे पुण्यात प्लेग चालू होता आणि येरवड्याच्या तुरुंगात बाळकृष्ण आणि वासुदेव चापेकरांना फाशी झाली, तेच साल. शेवटचा भाग १९०७ मधला. प्रांत सगळे काल्पनिक, गावंही काल्पनिक. नायक आर्थर मॉर्गन हा एका दरोडेखोर टोळीतला माणूस. टोळी एका गावाजवळ तळ ठोकते, काहीतरी उपद्व्याप करते, पळते, दुसऱ्या गावाजवळ तळ ठोकते. त्यामुळे खेळणाऱ्याला सगळा मुलूख फिरावाच लागतो.

आता गावं पाहू. व्हॅलेंटाइन हे जनावरांच्या बाजाराचं गाव. रेल्वे स्टेशन, बँक, दोन दारूचे गुत्ते आणि घोटाभर चिखल. मेंढ्यांचा लिलाव होतो. चाकणचा जुना जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथे अजिबात परकं वाटणार नाही. ऱ्होड्स हे दक्षिणेकडचं तांबड्या मातीचं गाव. तिथे तंबाखूची शेती, यादवी युद्ध हरल्याची जुनी कुढ आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन बडी घराणी. शेरीफसुद्धा त्यातल्याच एका घराण्याचा. (आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या घराण्यांची नावं मी घेणार नाही, ज्याने त्याने मनात घ्यावीत.)

स्ट्रॉबेरी हे डोंगरातलं लाकूडतोड्यांचं खेडं. नाव ऐकून तुम्हाला महाबळेश्वर आठवणार, आणि आठवू द्या, कारण तिथल्या महापौरांना खेड्याचं थंड हवेचं ठिकाण करायचं आहे. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून त्यांनी दारू बंद केली. मग किराणा दुकानाच्या तळघरात हातभट्टी सुरू झाली! आपल्याकडे माल्कमसाहेबानं महाबळेश्वर वसवलं ते १८२८-२९च्या सुमारास, आणि माथेरानची छोटी गाडी सुरू झाली ती १९०७ साली, म्हणजे खेळ संपतो त्याच वर्षी. डोंगरावरच्या वस्तीला खालच्या साहेबांसाठी नटवणं हा उद्योग आपल्यालाही नवा नाही.

अ‍ॅनसबर्ग म्हणजे कोळशाची खाण. काळी घरं, काळं पाणी, काळी माणसं, म्हणजे कोळशानं काळी झालेली. व्हॅन हॉर्न हे नदीकाठचं मोडकळीला आलेलं बंदर, कायदा नावाला नाही. ब्लॅकवॉटर हे वाढतं, बांधकाम चालू असलेलं शहर. १९०७ मध्ये गोष्टीचा दुसरा नायक जॉन मार्स्टन त्याच्याजवळ बँकेचं कर्ज काढून घर बांधतो. तो प्रसंग पाहताना नातवाच्या सगळ्या मित्रांना हसू आलं. गृहकर्ज हा शब्द पुण्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि सेंट डेनिस. (नातू फ्रेंच थाटात 'सँ डनी' म्हणतो.) ट्राम, बागा, नाट्यगृह, शिंपी, फोटोवाला, बंदरावर जहाजं, रात्री झगमगणारे दिवे. भाच्याचं म्हणणं असं, की सर्वांत मोठं, सर्वांत सुंदर, सर्वांत सोयीचं, तेव्हा पहिला नंबर त्याचाच.

इथे माझा आक्षेप सुरू होतो. ज्यांनी हा खेळ रचला, त्यांनीच सेंट डेनिसला पहिला नंबर दिलेला नाही. नीट पाहिलं तर त्यांनी गावांना नंबर दिलेलेच नाहीत. त्यांनी गावं रुळांनी, नद्यांनी आणि कर्जानं एकमेकांना बांधून टाकली आहेत. अ‍ॅनसबर्गहून निघालेले रूळ व्हॅन हॉर्नवरून खाली सेंट डेनिसकडे जातात. सेंट डेनिसच्या कारखान्यांची धुराडी अहोरात्र धूर ओकत असतात. खाणीतला कोळसा कुठे जळतो हे वेगळं सांगावं लागतं का? अ‍ॅनसबर्गजवळच बुचर क्रीक नावाची एक भयाण वस्ती आहे. तिथली माणसं आजारी, भ्रमिष्ट. गावाला शाप लागलाय असं सांगणारा एक भोंदूही तिथे ठाण मांडून बसला आहे. आर्थर खोदून काढतो तेव्हा कळतं, की शापबिप काही नाही, खाणीमुळे पाण्यात विष उतरलं आहे. भाच्याच्या यादीत बुचर क्रीक नाहीच. तिथे दुकान नाही ना!

डाउन्स कुटुंबाचं पाहा. थॉमस डाउन्स हा व्हॅलेंटाइनजवळचा गरीब, आजारी शेतकरी. टोळीकडून कर्ज घेतो, फेडू शकत नाही. आर्थर वसुलीला जातो, त्याला मारतो. त्या झटापटीतच आर्थरला क्षयाची बाधा होते, आणि डाउन्स पुढे मरतो. शेत जातं. पुढे त्याची बायको सेंट डेनिसच्या रस्त्यावर देह विकताना दिसते. आणखी पुढे ती अ‍ॅनसबर्गमध्ये भेटते आणि तिचा कोवळा मुलगा तिथल्या खाणीत राबत असतो. एकच कुटुंब, तीन गावं. पहिल्या गावात कर्ज झालं, दुसऱ्यात अब्रू गेली, तिसऱ्यात मुलाचं बालपण गेलं. ज्या शहराला भाचा पहिला नंबर देतो, त्या शहरात या बाईला उभं राहायला फक्त फूटपाथ मिळाला. मग सांगा, नंबर कुणाच्या बाजूनं लावायचा? ट्राममध्ये बसलेल्याच्या, की फूटपाथवर उभ्या असलेलीच्या?

"आत्या, तो खेळ आहे," असं भाचा म्हणेल. म्हणू दे. मग खऱ्या शहरांचं बोलू.

ज्या वर्षी हा खेळ आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं राहण्यास सुलभ अशा शहरांची यादी जाहीर केली होती. १११ शहरांत पुणं पहिलं! आठवतंय ना? पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. आपल्याच ग्रुपवर चार दिवस अभिनंदनाचा पाऊस पडला होता. आता जरा या पहिल्या नंबराच्या आजूबाजूचा नकाशा उलगडू या.

हडपसरच्या पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा तिथे जाऊन पडू लागला. आपल्या दारातली घंटागाडी निघून गेली की आपल्या दृष्टीनं कचरा संपला. तिथे मात्र तो सुरू होत होता. विहिरींचं पाणी नासलं, वास, माश्या, आजार, अशी त्या गावांची वर्षानुवर्षांची तक्रार. २०१७ साली डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुण्यात कचऱ्याचे ढीग साचले. तेव्हा कुठे आपल्याला त्या गावांची नावं पाठ झाली. त्याच वर्षी ही दोन्ही गावं महापालिकेत आली, म्हणजे २०१८च्या पहिल्या नंबरात कागदोपत्री तीही होती. पुढे २०२४ साली त्यांना बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. आता मला सांगा, त्या यादीतलं 'राहण्यास सुलभ' पुणं म्हणजे नेमकं कुणाचं पुणं? आपल्या शहराजवळही बुचर क्रीक होतंच. आपल्या यादीतही ते नव्हतं.

दुसरं उदाहरण मुळशीचं. आज शनिवार-रविवारी गाड्या भरभरून मुळशीला जातात. निळंशार पाणी, हिरवे डोंगर, भजी, फोटो. त्या पाण्याखाली गावं आहेत. टाटा कंपनीनं तिथे धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज पुरवण्यासाठी. तिथल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि तिथूनच ते 'सेनापती' बापट झाले. सत्याग्रह हरला. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि गिरण्यांना, दिव्यांना वीज मिळाली. मुंबईत विजेच्या ट्राम १९०७ पासूनच धावत होत्या. दिवाळीत मुंबई कशी उजळून निघते याचं वर्णन आपण शाळेत मुलांना निबंधात लिहायला सांगत होतो. त्या उजेडासाठी कुणाचं भाताचं खाचर बुडलं, हे त्या निबंधात कधी आलं नाही. पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावर आज मोठमोठे मॉल आणि कचेऱ्या आहेत. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे, की ज्या माणसाचं नाव रस्त्याला आहे तो अशाच एका हिशेबासाठी तुरुंगात गेला होता?

तिसरं उदाहरण माझ्या माहेरचं, बार्शीचं. खेळात टम्बलवीड नावाचं वाळवंटातलं गाव आहे. एके काळी भरभराटीचं. रेल्वे आली ती आर्माडिलोवरून गेली आणि टम्बलवीड सुकत गेलं. १९०७ मध्ये तिथे थोडी माणसं तरी दिसतात. या मालिकेतला आधीचा खेळ २०१० साली आला, पण त्यातली गोष्ट १९११ मधली आहे. त्यात हे गाव पार ओसाड, भुताचं झालेलं असतं. नातवाला वाटलं, ही काय नुसती भीती दाखवायला रचलेली जागा. मी त्याला सांगितलं, बाबा रे, आपली बार्शी थोडक्यात वाचली! मुंबई-मद्रास मोठी लाइन गेली ती बार्शी बाजूला ठेवून. स्टेशन झालं ते कुर्डूवाडीला, आणि त्याचं नाव 'बार्शी रोड'. म्हणजे गाव एकीकडे आणि त्याच्या नावाचं स्टेशन दुसरीकडे! बार्शीचा बाजार मोठा होता म्हणून कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरला तिथे अरुंद रुळांची गाडी टाकावीशी वाटली. १८९७ साली ती सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोहोचली. लहानपणी त्या गाडीत बसून आम्ही कुर्डूवाडीला यायचो आणि तिथे मोठी गाडी धरायचो. रुळाची एक रेघ इकडून तिकडे सरकली की एका गावाचं नशीब दुसऱ्या गावाला जातं. जे गाव मागे पडलं त्याच्यात काही खोट होती असं मुळीच नाही. मग टम्बलवीडला यादीत खालचा नंबर कशाबद्दल? दुसऱ्याच्या पेन्सिलीनं मारलेल्या रेघेबद्दल?

आता उलट बाजूनं बोलणारेही मला ठाऊक आहेत. आपल्यातले काही ब्लॉगर मित्र लगेच लिहितील, "अगदी बरोबर, शहरं वाईट, आपलं साधंसुधं खेडंच बरं, व्हॅलेंटाइनच पहिलं." थांबा. माझं म्हणणं ते नाही. व्हॅलेंटाइनजवळच डाउन्स कर्जात बुडाला. ऱ्होड्समध्ये तर कातडीच्या रंगावरून माणसाची किंमत ठरते. खेड्याचा हिशेबही तपासावाच लागतो आणि तो आपल्याकडे तपासलेला आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहून कुणब्याच्या खळ्यावरच्या धान्यात कोणाकोणाचा वाटा जातो, कोण राबतो आणि कोण नुसतं मागतो, याची सगळी मांडामांड केली होती. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली. शहराचा तसा गाडा कुणी मांडून दाखवावा अशी माझी फार इच्छा आहे.

आणि शहराची बाजूही मी विसरलेली नाही. आर्थरला आपल्याला क्षय झालाय हे कळतं ते सेंट डेनिसच्या डॉक्टरांकडे. व्हॅलेंटाइनमध्येही डॉक्टर आहे, पण कोसळला तो शहरात आणि निदान झालं शहरात. मी स्वतः लग्न होऊन पुण्याला आले, पन्नास वर्षं इथे राहिले. इथल्या ग्रंथालयांनी, नाटकांनी, शाळेनं मला जे दिलं ते बार्शीत मिळालं नसतं. मुली शिकल्या, एकट्या रात्री घरी येऊ शकल्या. खेड्यातून शहरात येणारी माणसं मूर्ख नसतात. त्यांना शहरात मोकळा श्वास मिळतो म्हणूनच ती येतात. पण मिळालेलं मोजायचं आणि त्यासाठी दुसऱ्यानं दिलेलं मोजायचं नाही, याला हिशेब म्हणत नाहीत. वाण्याकडे अशी वही कुणी दाखवली तर तो दुकानातून हाकलून देईल.

म्हणून भाच्याला आणि यादीला अंगठा दाखवणाऱ्या सगळ्यांना माझं जाहीर सांगणं आहे. गावांची तुलना जरूर करा, मला स्वतःला ती फार आवडते. पण एक गाव उचलून दुसऱ्याशेजारी ठेवायचं आणि कोण देखणं ते ठरवायचं, हा मुली दाखवण्याचा कार्यक्रम झाला. तो आपण घरात बंद केला, गावांच्या बाबतीत तरी कशाला चालू ठेवायचा? मी मुलांना सहलीला नेत असे तेव्हा कुठल्याही गावात शिरल्यावर तीन प्रश्न विचारायला लावत असे. इथे पाणी कुठून येतं? इथली घाण कुठे जाते? आणि इथे राबणारी माणसं कुठलं घर सोडून आली? हे तीन प्रश्न सेंट डेनिसला विचारा, अ‍ॅनसबर्गला विचारा. खेळात या तिन्हींची उत्तरं सापडतात, फक्त घोडा थोडा हळू चालवावा लागतो.

मग तेच प्रश्न पुण्याला विचारा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही नावं नळ सोडताना आठवा. पानशेत म्हटलं की आपल्याला १२ जुलै १९६१चा पूर तेवढा आठवतो. धरणासाठी आधी उठलेली गावं कुणाला आठवत नाहीत. आणि पुढच्या वेळी कुठल्या तरी यादीत पुण्याचा नंबर पहिला आला किंवा दहावा आला, तर अभिनंदन किंवा हळहळ टाकण्याआधी ही यादी करणाऱ्यांनी उरुळीच्या विहिरीत डोकावून पाहिलं होतं का, एवढं विचारा.

भाच्यानं अजून उत्तर दिलेलं नाही, वाचलं असल्याच्या दोन निळ्या खुणा मात्र दिसताहेत. तुमचं काय म्हणणं? तुमच्या गावचं पाणी कुठून येतं आणि कचरा कुठे जातो, ते खाली प्रतिक्रियेत लिहा. परदेशातल्या भाचे-पुतण्यांनीही लिहा, तुमच्या शहरांनाही उरुळी असणारच. नंबर मात्र कुणी लावू नका.